उन्हाआधीची सोयरीक

आमच्या वहिनीच्या घरात पारोशाने कशाकशाला हात लावायचा नाही हे विचारू नका, कशाला लावायचा ते विचारा, लवकर संपेल. न्हाणीघराची कडी, दात घासायचा ब्रश आणि चहाचं पातेलं. त्या पातेल्याला सूट कशी मिळाली मला माहीत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दादाने हातापाया पडून मिळवली असावी. बाकी देव, तुळस, लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, सगळं आंघोळीनंतर. आणि आंघोळ तरी साधी का? आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी म्हणजे शिळं पाणी. त्याने अंग ओलं होतं, आंघोळ होत नाही. ताजं पाणी हवं. मुलुंडला आमच्या सोसायटीत ताजं पाणी सकाळी आठला येतं, उन्हाळ्यात पाणीकपात असली तर त्याहून उशिरा. म्हणजे वहिनी आंघोळ, पूजा आणि दादाचा दुसरा चहा उरकून मोकळी होईपर्यंत दहा वाजतात. ही वेळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यावर आहे.

मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. त्यामुळे वर गच्चीखालच्या सातव्या मजल्यावरचा माझा सख्खा मोठा भाऊ आणि वहिनी दोघंही मला 'बाई' म्हणतात. दादा म्हणतो तेव्हा त्यात थट्टा असते, वहिनी म्हणते तेव्हा तक्रार. मी पारोशी चहा पिते, पारोशी पेपर वाचते, आणि एखाद्या रविवारी पारोशीच जेवते हेही वहिनीला माहीत आहे. म्हणून तिच्या लोणच्याच्या बरणीपासून मला कायम हातभर लांब ठेवलेलं असतं.

आता भोपळ्याकडे येते. आमच्या गावाकडचा लाल भोपळा बाजारात फोडी करून विकतात तसला नव्हे. बसका, खोल शिरांचा, वरून राखेसारखा करडा आणि आत हळदीसारखा पिवळाधम्मक. किसला तरी पाणी सुटत नाही. गुळात शिजवून त्याचे घारगे करायचे. दादा एरवी देवाचं नाव घेत नाही, पण घारगे समोर आले की हात जोडतो. हे बियाणं आईचं. ती दर वर्षी गावाहून एक भोपळा आणायची, त्यातल्या बिया राखेत घोळवून ठेवायची आणि पुढच्या खेपेला परत गावाला नेऊन लावायची. पुढे तिचं जाणं थांबलं. मळा चुलतभावांकडे गेला, त्यांनी तिथे काजू लावला. मी फोन करून विचारलं, आपला भोपळा कुणी लावतं का? चुलतभाऊ म्हणाला, "कोण कष्ट करतंय गं? बाजारात मिळतो की."

आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिने एक दिवस उशाखालून पुरचुंडी काढली. मी पलंगावर तिच्या पायाशीच बसले होते. माझ्याकडे बघितलं, आणि हाक मारली वहिनीला. पुरचुंडी तिच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाली, "तू राख." बस, एवढंच. वहिनीने जन्मभर आईकडून आमटी पातळ झाली, पोळी जाड झाली, पदर घसरला एवढंच ऐकलेलं. तिच्या डोळ्यांतून जी धार लागली ती थांबेना. मला मात्र राग आला होता, खोटं कशाला बोलू? पोटच्या मुलीला साधी बीसुद्धा नाही!

वहिनीने ती पुरचुंडी कुठे ठेवावी? फ्रिजवर. आत नाही हं, वर. आत मासे असतात, तिथे आईंचं बियाणं कसं ठेवायचं? आणि फ्रिजचा माथा म्हणजे मुंबईची दमट हवा आणि मागच्या जाळीची ऊब, दोन्ही फुकट. बी म्हणजे झोपलेला जीव, त्याला थंड आणि कोरडी जागा लागते, हे मी सांगितलं. पण वर्षश्राद्धापर्यंत पुरचुंडीला हात लावायचा नाही असं ठरलेलं. त्यानंतरचा पावसाळा असाच गेला, कारण पावसात आमच्या गच्चीवर ताडपत्र्या चढतात. शेवटी संक्रांतीनंतर वहिनीने बिया ओल्या फडक्यात बांधल्या. निम्म्या बुळबुळीत होऊन कुजल्या. काही उगवल्या त्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या, त्यातली बरीच रोपं कबुतरांनी खाल्ली. उरला एकच वेल. पुरचुंडी रिकामी.

"हा वेल बी न धरता वाळला तर संपलं," वहिनी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "माझ्या हातात संपलं म्हणतील."

"कोण म्हणणार?"

"तू," ती म्हणाली. आणि खरं सांगते, मी म्हटलंही असतं.

वेल मात्र झकास वाढला. दादाने बांबूचा मांडव घातला, त्यावर चढून तो पार टाकीपर्यंत गेला. मार्चमध्ये फुलं आली. ही पिवळी, तळहाताएवढी! वहिनीने खाली सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगितलं. पण फुलं उमलायची, मलूल व्हायची आणि गळायची. मी वर जाऊन पाहिलं तर सगळी नरफुलं. बारीक लांब देठ, खाली काही नाही. मादीफुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच असतो, तो कुठेच नव्हता.

"म्हणजे सगळे मुलगेच?" दादा म्हणाला. "वा! आपल्या सोसायटीसारखंच. बी विंगमध्ये बघ, चार-चार बिनलग्नाचे पोरगे, सगळे इंजिनिअर."

"उकाड्याने होतं ते," मी म्हटलं. "ऊन वाढलं की वेल नरफुलंच काढत सुटतो. मादीफूल म्हणजे पुढे फळ पोसायची जबाबदारी. गरमीत ती कोण घेतो?"

"तू घेतली नाहीस ते बरं केलंस," दादा म्हणाला. असला आहे तो.

त्याच सुमारास एका रविवारी बोरीवलीहून पुतण्या, म्हणजे दादा-वहिनीचा मुलगा, आणि त्याची बायको आली. ही आमची सून अकोल्याकडची, बौद्ध घरातली, इथे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. शांत मुलगी, पण डोळे चौकस. लग्नाला वहिनीने एका शब्दाने नकार दिला नाही. उलट नात्यातल्या एकीने नाक मुरडलं तर तिचं नाक जिथल्या तिथे बसवलं. तर ही सून गच्चीवर आली, एवढं मोठं फूल बघून खूश झाली आणि तिने हात पुढे केला. वहिनीच्या तोंडून गेलं, "हात नको लावू!" सुनेने हात मागे घेतला, जराशी हसली, आणि कठड्याशी जाऊन डोंगराकडे बघत उभी राहिली.

रात्री भांडी आवरताना वहिनी मला म्हणाली, "मी तिला पूजा झाल्याशिवाय वेलाला शिवायचं नाही म्हणून अडवलं गं, दुसरं काही नव्हतं मनात."

"मग तसं सांगायचंस."

"काय सांगणार? पूजा करून ये म्हणू? त्यांच्यात देव्हारा नाही. ती कुठली पूजा करणार?" ती बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. "ही पूजा करत नाही, तू करत नाहीस. उद्या बी आलंच, तर मी ते देऊ कोणाला?"

मी ते ताट तिच्या हातातून घेऊन मांडणीत लावलं.

एप्रिलमध्ये अखेर मादीफुलं दिसायला लागली. एखाददुसरीच, पण दिसली. सुपारीएवढे भोपळे बघून वहिनीने त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. ते भोपळे पिवळे पडून गळाले. दादाने ताकाचं पाणी घातलं, गळाले. कुणी सांगितलं म्हणून केळीच्या साली कुजवून घातल्या. त्याने माश्या आल्या, भोपळे गळालेच. मी म्हटलं, फळ धरायला पराग पोचावा लागतो, आणि या सिमेंटच्या तव्यावर मधमाशी येणार कुठून? आपणच ब्रश फिरवू. परागसिंचनाचा धडा मी किती वर्गांना शिकवला असेन. पुंकेसर, स्त्रीकेसर, भिंतीवर तक्ता, हातात छडी. प्रत्यक्ष फुलावर मी या हाताने काडीसुद्धा फिरवली नव्हती, पण आव असा आणला की जसं काही रोजचंच.

तर माझा जुना चित्रकलेचा ब्रश वहिनीने घेतला. धुतला. पुन्हा धुतला. देवापुढे ठेवला. आणि सकाळी दहा वाजता, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, सोवळ्यात ब्रश फिरवायला गच्चीवर गेली.

"वहिनी, दहाला काही उपयोग नाही. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. पराग तोवर शिजून जातो."

"शिजतो काय? दिसतोय की पिवळा."

"दिसतो म्हणून जिवंत असतो का?"

"बाई, तुझं शास्त्र तुझ्याकडे ठेव. आईंच्या वेलाला मी पारोशी शिवणार नाही."

"मग मी जाते पहाटे."

वहिनीने माझ्याकडे जे बघितलं त्यात माझे सगळे पारोसे रविवार होते. शिवाय गच्चीची चावी सोसायटीने तिच्याकडे दिलेली, आणि तिने ती ठेवलेली देव्हाऱ्याच्या खालच्या खणात. म्हणजे आंघोळ केल्याशिवाय चावीलाही हात लागायचा नाही. बंदोबस्त असा की बँकेने शिकावा.

मध्ये दादाचंही प्रकरण झालं. एका संध्याकाळी मी वर गेले तर मांडवाखाली भट्टी पेटल्यासारखं गरम वारं लागलं. बघते तो काय, त्याच्या एसीचं बाहेरचं यंत्र गच्चीच्या भिंतीला, आणि त्याचं तोंड बरोबर वेलावर! आत महाशय पायावर चादर घेऊन क्रिकेट बघतायत, आणि बाहेर वेलाला रात्रभर गरम फुंकर. मी खाली जाऊन त्याला चांगला झापला. पराग काही फूल उमलल्यावर तयार होत नाही, तो कळी बंद असतानाच आत घडत असतो. तेव्हा रात्रीसुद्धा गारवा मिळाला नाही तर दाणे पोचट राहतात. फूल बाहेरून फक्कड आणि आत सगळं मेलेलं.

"म्हणजे मी एसी बंद करू? एप्रिलमध्ये?" दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"घारगे हवेत का?" वहिनीने आतून विचारलं.

एसी बंद झाला. दादा बनियनवर पंख्याखाली पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला की भोपळ्याचं बाळंतपण आहे, म्हणून आम्ही गरमीत. पण वहिनीची दहाची वेळ काही हलली नाही, आणि भोपळे गळायचे थांबले नाहीत.

मग ती सकाळ. मी गच्चीवर पोचले तेव्हा वहिनी टाकीच्या पायरीवर बसलेली होती. हातात ब्रश, आणि दुसऱ्या तळहातावर गळालेला एक छोटा भोपळा. चांगला लिंबाएवढा झाला होता हा, आम्हाला वाटलं होतं धरला. वेलाची टोकं पिवळी पडायला लागली होती. आता आणखी किती मादीफुलं येतील याचा भरवसा नव्हता. वहिनी रडत होती. हुंदके नाहीत, आवाज नाही, नुसती रडत होती.

"मला आईंसारखा हात नाही," ती म्हणाली. "त्यांचं सगळं सोवळ्यात असायचं, म्हणून झाड ऐकायचं त्यांचं. माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी अजून काय करू गं? सांग ना, काय करू?"

मला जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. वहिनी घाटकोपरला वाढलेली. लग्न होऊन ती आमच्या घरी आली ती मुंबईच्याच घरात. गाव पाहिलं ते गणपतीत, घर नातलगांनी भरलेलं आणि आई सोवळं नेसून देवाजवळ, असंच. दादाही लहानपणीच वडिलांकडे मुंबईला आला, वडील गिरणीत होते. गावाला आईबरोबर राहिले ती मी. उन्हाळ्यात आई विहिरीच्या काठाला भोपळा लावायची, आणि पहाटे मला झोपेतून उठवून बरोबर न्यायची. हे वहिनीला सांगितलं तर वेलाचं भलं होईल, पण तिच्या मनातल्या सासूबाईंचं काय होईल, या विचाराने मी इतके दिवस जीभ आवरून होते. आता ते जमेना.

"वहिनी," मी म्हटलं, "आई गावाला आंघोळ करून वेलाकडे जायची नाही."

"काहीतरीच काय!"

"अगं, तोंडसुद्धा धुवायची नाही. मिश्री लावत लावत जायची. केसांच्या झिंज्या, लुगड्याचा कासोटा, आणि तशीच जाऊन नरफूल तोडायची, त्याच्या पाकळ्या ओरबाडायची आणि दांडा मादीफुलात घुसळायची. मला म्हणायची, 'चेडवा, ऊन येवच्या आदी लगीन लावूक व्हया. ऊन इला की नवरो कामातसून गेलो.' पराग वगैरे तिला कुठलं माहीत? पण एवढं माहीत होतं."

"आणि आंघोळ?"

"आंघोळ मग विहिरीवर. ऊन वर आल्यावर. गुरांचं झाल्यावर."

वहिनीने डोळे पुसले.

"खोटं बोलतेस."

"आईची शपथ."

"तापात असताना मी थंड पाण्याने आंघोळ केलीय, बाई." तिचा आवाज चढायला लागला. "बाळंतीण असताना केलीय. एकदा, एकदाच मी तशीच तुळशीला पाणी घातलं, तर आठवडाभर बोलल्या नाहीत माझ्याशी. माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. आणि स्वतः? मिश्री लावत?"

आई मुंबईत आली तेव्हा तिला शेत राहिलं नाही, गुरं नाहीत, विहीर नाही. मग तिने सगळा जोर देव्हाऱ्यावर काढला आणि उरलेला सुनेवर. हे मी आज समजावून सांगू शकते, त्या वेळी सांगितलं असतं तर वहिनीने टाकीवरून ढकललं असतं मला.

तेवढ्यात दादा चहा विचारायला वर आला. वहिनी त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या आईने मला बियाणं दिलं आणि रीत स्वतःपाशी ठेवली." दादाला ओ की ठो कळलं नाही. पण तिचा सूर ऐकून चहा न विचारताच परत गेला, तो थेट स्वतः करून प्यायला. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

त्या दिवशी वहिनी कोणाशी बोलली नाही. मला वाटलं, वाट लागली. भोपळाही गेला आणि वहिनीही.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी बेल वाजली. दारात वहिनी. गाऊनवर ओढणीसारखा पंचा टाकलेला, केस मोकळे, तोंडाला वास. हातात गच्चीची चावी. ती आदल्या दिवशीच आंघोळीनंतर खणातून काढून ठेवली होती म्हणे. पारोशाने देव्हाऱ्याच्या खणाला शिवायची सवलत तिने अजून स्वतःला दिलेली नव्हती आणि मीही त्यावरून तिला छेडलं नाही. तेव्हा नाही. नंतर बऱ्याचदा छेडलं.

"चल," ती म्हणाली. "एकटीने हात पुढे होत नाही माझा."

गच्चीवर गार होतं. दादाचा एसी बंद, सिमेंट निवलेलं, आणि वेलावर एकच मादीफूल नुकतं उघडत होतं. शेजारी दोन नरफुलं. वहिनीने एका नरफुलाला हात घातला आणि तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, तोड. तिने तोडलं. मी म्हटलं, पाकळ्या काढ. तिने काढल्या. आतला दांडा पिवळ्या भुकटीने माखलेला होता, आणि ती भुकटी बोटाला अशी चिकटली की दहाच्या सुकलेल्या भुकटीत आणि हिच्यात काय फरक आहे ते मला सांगावंच लागलं नाही.

"आता?"

"आता लाव लग्न."

तिने दांडा मादीफुलात टेकवला, हळूच फिरवला, पुन्हा फिरवला. डोळे मिटून घेतले होते तिने, कोणीतरी पाठीत धपाटा घालेल म्हणून बसावं तसे. कोणी घातला नाही. खाली दूधवाल्याची सायकल गेली तेवढीच.

"अक्षता टाकू?" मी विचारलं.

"गप गं," ती म्हणाली, आणि हसली. पारोशी हसलेली वहिनी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, चांगली दिसत होती.

पुढे ती रोज पहाटे जायला लागली. कधी मादीफूल असायचं, कधी नसायचं. सगळी लग्नं टिकली असं नाही, काही गळालीच. पण एक भोपळा धरला. लिंबाचा पेरू झाला, पेरूचा नारळ झाला, आणि दादा त्याच्यावर टिचक्या मारून बघायला लागला तेव्हा वहिनीने भोपळ्याला जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाची पट्टी बांधली. बियाला राखलेल्या फळाला आमच्यात असं काहीतरी बांधतात, म्हणजे कोणी हात लावत नाही आणि नजरही लागत नाही. भोपळा एका अंगाने फुगला, दुसऱ्या अंगाने बसका राहिला. ज्या बाजूच्या बियांना पराग मिळाला नाही ती बाजू भरत नाही. दादा म्हणाला, याला कोणीतरी झोपेत मारलंय.

देठ वाळल्यावर एका रविवारी वहिनीने सगळ्यांना बोलावलं. बोरीवलीची दोघंही आली. स्वयंपाकघरात ओट्यावर भोपळा ठेवला, दादाने सुरी फिरवली, आणि आत तोच हळदीचा पिवळा रंग. दादाने लगेच खिसणी शोधली. वहिनीचं लक्ष गराकडे नव्हतंच. तिने बोटांनी जाळी ओढून बिया ताटात काढल्या आणि एकेक बी चिमटीत दाबून बघायला लागली. पोचट, पोचट, पोचट. नुसती सालं, आत काही नाही. उन्हाने खाल्लेली. मधूनच एक भरलेली लागायची, ती वहिनी वाटीत टाकायची. सगळं ताट संपलं तेव्हा वाटीचा तळ जेमतेम झाकला होता.

"एवढ्याच?" दादा म्हणाला.

"एवढ्या आहेत," वहिनी म्हणाली.

मला वाटलं, आता मला देईल. द्यायलाच हवं, पहाटेची साक्षीदार मी, रीत सांगितली मी. तिने बिया राखेत घोळवून दोन वाटे केले. एक वाटा डबीत घालून फ्रिजच्या आत ठेवला, माशांच्या वरच्या कप्प्यात. दुसरा घेऊन ती सुनेकडे गेली. सून दारात उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर; गच्चीवरच्या त्या दिवसापासून ती वहिनीच्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय आत यायची नाही.

"हात पुढे कर," वहिनी म्हणाली.

सुनेने आधी माझ्याकडे बघितलं, मग हात पुढे केला. वहिनीने बिया तिच्या तळहातावर ठेवल्या आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटली.

"आई, पण मला तुमचं ते सोवळं वगैरे..." सून चाचरली. "माझ्याकडून नाही जमणार."

"सोवळं नको," वहिनी म्हणाली. "उठलीस की तशीच जायचं. आंघोळ नाही, तोंड धुणं नाही. ऊन यायच्या आत नरफूल तोडायचं आणि मादीफुलात फिरवायचं, मी येऊन दाखवीन. आंघोळ नंतर कधीही कर, नाही केलीस तरी वेलाला चालतं." मग तिचा आवाज जरा बसला. "मला हे कोणी सांगितलंच नव्हतं गं."